एक्केचाळीस नंबरची शून्यं

दर सोमवारी सकाळी, मी कोट काढून खुर्चीला अडकवायच्या आत, माझ्या मशीनवर एक शून्य येऊन पडलेलं असायचं.

ते यायचं उत्तर घानामधल्या एका खेड्यातून आणि उतरायचं जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नला, एका संशोधन संस्थेच्या तळमजल्यावर. तिथे मी सॉफ्टवेअर लिहीत असे. तेव्हा फोनला बटणं होती, आणि आफ्रिकेतल्या शेतकरी बाईच्या हातात मोबाइल दिला की तिचं भलं होईल असं मोठमोठ्या लोकांना नुकतंच वाटू लागलं होतं. आमचं प्रोजेक्ट त्यातलंच. भुईमूग पिकवणाऱ्या बायकांचे गट होते आणि प्रत्येक गटातल्या एका बाईकडे आम्ही फोन दिला होता. तिने बाजाराचा ठरलेला कोड एसेमेसने पाठवला की तिथला त्या दिवशीचा भाव तिला कळायचा. त्या बदल्यात तिने दर सोमवारी गटाकडे शेंगांची किती पोती आहेत ते कळवायचं. ती यादी नोंदलेल्या व्यापाऱ्यांना जायची. व्यापारी थेट दारात येणार, मधला दलाल उडणार, बायकांना चार पैसे जास्त मिळणार, अशी कल्पना.

बायकांची नावं आमच्यापर्यंत येत नसत, नंबर येत. शून्य पाठवणारी होती एक्केचाळीस नंबर.

दोन हंगाम ती शून्यच पाठवत होती. काढणी झाल्यावर बाकीचे गट तीस, पंचवीस, चाळीस असं कळवत होते, तेव्हाही हिचं शून्य. माझा प्रोग्राम तिला इमानदारीत उत्तर धाडायचा, आपली नोंद झाली, शून्य पोती. आणि हीच बाई रोज सकाळी तीन वेगवेगळ्या बाजारांचे भाव विचारायची. रोज. रविवारीसुद्धा.

आमचे प्रमुख म्हणत की तिला सिस्टिम कळलेली नाही. मला ते पटत नव्हतं. ज्याला कळत नाही तो विसरतो, भलतं बटण दाबतो, एकच मेसेज तीनदा पाठवतो. ही एकदाही विसरली नव्हती. आणि जिच्या घरात एक शेंग नाही ती तीन बाजारांचे भाव कशाला विचारेल? दुपारी युनिव्हर्सिटीच्या खाणावळीत उकडलेले बटाटे चिवडत बसले असताना माझ्या डोक्यात ती बाई असायची. कशी दिसत असेल, किती वयाची असेल, कुठे उभी राहून बटणं दाबत असेल.

खरं म्हणजे मला ती दोन वर्षं आधीच भेटायला हवी होती. पण मला घानाला नेलं नाही. हे मी अजून विसरलेले नाही, म्हणून आधी तेच सांगून टाकते.

प्रोजेक्टच्या पहिल्याच बैठकीत मी म्हणाले होते, "घरात किती माल आहे ते कुठलीही बाई सांगणार नाही. आणि सांगितलं तर बुडेल." माझी आई आमच्या तालुक्याच्या एसटी स्टँडवर सीताफळं विकायची. पाटीत दहा-बारा फळं आणि मागे गोणपाटाखाली शंभर. गिऱ्हाइकाने विचारलं, "एवढीच का?" की म्हणायची, "एवढीच राहिली बघा." वडील बैलबाजारात दलाल होते. त्यांच्या खांद्यावरच्या टॉवेलाखाली दोन माणसांचे हात भेटायचे आणि बैलाची किंमत बोटांवर ठरायची. शेजारी उभा असलेला नुसता टॉवेल हलताना बघायचा. अशा घरातून मी आलेली. कॉलेजची फी माफ करून घेतली ती भांडून. कायझर्सलाउटर्नला खोली घेतली ती घरमालकाशी घासाघीस करून. तो बिचारा शेवटपर्यंत सांगत होता की आमच्याकडे भाड्याचं असं करत नाहीत. असं करत नाहीत असं म्हणत म्हणत त्याने तीस युरो कमी केले.

तर बैठकीत प्रमुख शांतपणे म्हणाले, "तुम्ही आफ्रिका पाहिलेली नाही."

मी म्हणाले, "तुम्ही बाजार पाहिलेला नाही."

इथवर ठीक होतं. मग ते पारदर्शकतेवर बोलू लागले. सगळी माहिती सगळ्यांना कळली की कोणी कोणाला फसवू शकत नाही, वगैरे. माझा आवाज चढला. हातातली फाइल मी टेबलावर आपटली, ती घसरत गेली आणि कॉफीच्या थर्मासला लागली. थर्मास फुटला नाही, पण बैठक मोडली. पुढे घानाच्या दौऱ्याची यादी लागली तेव्हा तिच्यात मी नव्हते. कारण विचारलं तर म्हणाले, तुमचा सूर तिथल्या भागीदारांना मानवणार नाही. ज्यांनी आयुष्यात कोथिंबिरीच्या जुडीचा भाव पाडला नव्हता असे तिघे गेले. येताना त्यांनी मला एक लाकडी जिराफ आणला. तो मी कपाटामागे ठेवला.

मग एका मे महिन्यात प्रमुख स्वतः तळमजल्यावर आले. ते सहसा खाली येत नसत.

"आल्झो," म्हणाले, म्हणजे 'तर मग', आणि खुर्ची ओढून बसले. घानाहून दोघीजणी आठवडाभरासाठी येणार होत्या. एक तिथली कृषी अधिकारी, दुभाषी म्हणून, आणि एक शेतकरी. शेतकरी तिथल्या लोकांनी निवडली होती. ती निघाली नेमकी एक्केचाळीस नंबर. प्रमुखांना त्याचाच संकोच वाटत होता. त्या आठवड्याच्या शुक्रवारी दुसऱ्या टप्प्याची बैठक होती आणि चुकीची माहिती देणारे नंबर त्यात गाळायचे होते. यादीत सगळ्यात वर एक्केचाळीस. गाळलं की फोन परत, आणि तिच्या गटाला पुढे जागा नाही.

"तिच्यासमोरच गाळणार?" मी विचारलं.

"ती पाहुणी म्हणून बसेल. आणि बैठक जर्मनमध्ये आहे." मग जरा थांबून, "तुमच्याकडे गाडी आहे ना?"

म्हणजे मला ड्रायव्हर म्हणून विचारायला आले होते. एरवी मी काय बोलले असते ते माझं मला माहीत. पण मला ती शून्यं पाठवणारी बाई बघायची होती. मी हो म्हणाले.

माझ्याच इमारतीत वरच्या मजल्यावर पुण्याची एक मुलगी राहायची, डॉक्टरेट करत होती. तिला संध्याकाळी सांगितलं.

"ताई, तू स्टेशनवरच विचारशील तिला. का गं बाई, शून्य का?"

"काही विचारणार नाही मी. आधी तिला बोलू दे."

"आणि प्रमुखांशी भांडू नकोस, प्लीज. तुझा नोकरीचा फेअरट्राग ऑगस्टमध्ये संपतोय. वाढवायचा की नाही ते तेच ठरवणार."

"मी कधी भांडते?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली. "थर्मासला विचारून बघूया."

सोमवारी दुपारी मी स्टेशनवर गेले. त्या सकाळीही शून्य आलं होतं. फोन ती बरोबर घेऊन आली नव्हती तर, गावात कोणाकडे तरी ठेवून आली होती, आणि शून्य पाठवायचं बजावून आली होती. हे मला प्लॅटफॉर्मवर उभं असताना सुचलं आणि मी आणखीच उतावीळ झाले.

गाडीतून आधी कृषी अधिकारी उतरली. तिशीची, उंच टाचांचे बूट, गळ्यात प्रोजेक्टचा कॅमेरा. तिच्यामागून पन्नाशीची एक उंच बाई. अंगात कोणीतरी दिलेलं पुरुषी जाकीट, आणि त्यावर निळ्या-पिवळ्या जाड सुताची लांबरुंद शाल. अधिकारी बाईंनी ओळख करून दिली, "हिनेच प्रोग्राम लिहिलाय. रोज तुला भाव पाठवते ती ही." एक्केचाळीस नंबरने मला वरून खाली पाहिलं. माझे वडील बैलाकडे असे बघायचे. मग ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणतात?"

"म्हणते, मला वाटलं पुरुष असेल. आणि म्हणते, भाव वेळेवर येतो, फक्त मंगळवारी उशीर होतो."

मंगळवारी पहाटे माझ्या मशीनचा बॅकअप चालायचा. त्यामुळे दहा-पंधरा मिनिटं उशीर होत असे. दोन वर्षांत हे संस्थेत कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्यासकट. आणि हिला म्हणे सिस्टिम कळलेली नाही.

पुढचे दोन दिवस त्यांना संस्था दाखवण्यात गेले. प्रयोगशाळा, सर्व्हरची खोली, भिंतीवरचे आलेख. एक्केचाळीस नंबर सगळीकडे सभ्यपणे मान हलवायची. प्रमुखांच्या भाषणात ती सरळ बसून झोपली. मला ती आवडू लागली होती, पण शून्याचा विषय तिने काढला नाही आणि मीही नाही. अधिकारी बाई कायम बरोबर होत्या. त्या प्रोजेक्टच्या बाजूच्या, त्यांच्यासमोर ही काय बोलणार, असा माझा अंदाज.

गुरुवारी सकाळी मी दोघींना आठवडी बाजारात नेलं. तिथे मात्र एक्केचाळीस नंबर जागी झाली. तिला बाजारापुरतं इंग्रजी येत होतं, तुटक पण चोख. प्रत्येक पेटीवर खोचलेली पाटी ती वाकून बघत होती.

"हे काय लिहिलंय?"

"भाव."

"कोणाचा?"

"विकणाऱ्याचा."

"मग घेणारा काय म्हणतो?"

"काही नाही. पैसे देतो."

ती थांबली. "मग ते बोलतात काय एकमेकांशी?"

"ऊन छान पडलंय, म्हणतात."

तिने वर पाहिलं. ऊन नव्हतं. ती खांदे हलवून हसली आणि पुढे चालू लागली.

मे महिना म्हणजे श्पार्गेलचे दिवस. बोटाएवढे जाड, पांढरे कोंब असतात, उकडून लोण्याबरोबर खातात, आणि त्यांच्यासाठी जर्मन माणूस रांगेत उभा राहतो. एका शेतकऱ्याच्या टेबलावर फक्त दोन पेट्या होत्या आणि समोर रांग. एक्केचाळीस नंबर तिथे थबकली. जरा लांब, बाजूला उभी राहून बघू लागली. मला वाटलं कोंबांकडे बघतेय. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अधिकारी बाई कंटाळून समोरच्या दुकानात मुलासाठी बूट बघायला गेल्या.

पेटी रिकामी झाली की शेतकरी आपल्या बंद गाडीच्या मागे जायचा, अर्धी पेटी घेऊन यायचा आणि मोठ्याने म्हणायचा, आजची शेवटची. रांगेतल्या बायका पुढे सरकायच्या, एक किलो घेणारी दोन किलो घ्यायची. थोड्या वेळाने परत आजची शेवटची.

एक्केचाळीस नंबरने माझं कोपर धरलं. "गाडीत किती?"

"काय?"

"त्याच्या गाडीत. अजून किती पेट्या?"

मी कचऱ्याची पेटी शोधल्यासारखं करत गाडीमागे जाऊन आले. दार अर्धवट उघडं होतं. परत येऊन तिला दोन्ही पंजे दाखवले आणि वर एक बोट.

"अकरा," ती म्हणाली. "मला वाटलं बारा."

त्या क्षणी मला शून्याचा अर्थ लागला. मागे गोणपाट, पुढे पाटी. जे लहानपणापासून पाहिलेलं, बैठकीत फाइल आपटून सांगितलेलं, ते मला संगणकाच्या पडद्यावर ओळखता आलं नव्हतं. पण अंदाज वेगळा आणि तिच्या तोंडून ऐकणं वेगळं.

आम्ही कारंज्याजवळच्या बाकावर बसलो. मी तिला आईची सीताफळं सांगितली. गोणपाट सांगितलं. ती नीट ऐकत होती.

"तुझी आई हुशार," म्हणाली.

"आणि तुमचं शून्य?"

तिने बुटांच्या दुकानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उद्या त्या खोलीत कोणी लिहून घेतं?"

"सगळं लिहून घेतात. प्रोटोकोल म्हणतात त्याला."

"तो कागद कोणाकडे जातो?"

"सगळ्या भागीदारांकडे."

"व्यापाऱ्यांकडे?"

व्यापाऱ्यांची संघटना प्रोजेक्टमध्ये भागीदार होती. प्रत्येक प्रोटोकोल त्यांना जात होता, मीच ईमेलच्या यादीत त्यांचे पत्ते घातले होते. "त्यांच्याकडेही," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि तोंड मिटलं. पुढे काही बोलायची लक्षणं दिसेनात.

मग मी तिच्या शालीचं टोक ओढून आमच्या हातांवर घेतलं. तिचा हात हातात घेतला आणि एक बोट धरलं. एक. दोन बोटं धरली. दोन. अख्खा पंजा म्हणजे पाच. सहा हवे असतील तर पंजा, आणि परत एक. "माझे वडील असा भाव करायचे," मी सांगितलं. तिला ते समजायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. सरावासाठी तिने माझ्या कोटाकडे हनुवटीने खूण केली आणि माझी तीन बोटं दाबली. मी तिला पंजा दिला. तिने हात झटक्यात सोडवून घेतला आणि कारंज्याकडे तोंड फिरवलं, गिऱ्हाईक निघून चालल्यासारखं. मला हसू आवरेना.

हसून झाल्यावर तिचा हात परत शालीखाली आला. तोंड कारंज्याकडेच होतं. तिने माझा पंजा दाबला, सोडला, परत दाबला. मी मनात मोजत होते. आठ पंजे. मग तीन बोटं.

"पोती?"

तिने पापणी हलवली.

"सगळी तुमची?"

"माझी चार. बायका सव्वीस."

मग तुकड्यातुकड्यांत तिने सांगितलं. व्यापारी गावात यायचा तो सगळ्यांकडे एकदम यायचा नाही. ज्या घरात कोणी आजारी असेल तिथे आधी जायचा, दोन पोती मातीमोल उचलायचा, आणि मग पुढच्या प्रत्येक दारात म्हणायचा, भाव हाच चाललाय. आमची यादी निघाली तेव्हा त्याला कुठल्या गावात किती पोती तेही घरबसल्या कळू लागलं. म्हणून तिने सव्वीस जणींच्या शेंगा आपल्या मातीच्या कोठ्यांत एकत्र ठेवल्या आणि आम्हाला शून्य कळवलं. व्यापारी त्या गावात फिरकायचा बंद झाला. मे संपता संपता पेरण्या सुरू होतात, बियाण्यासाठी शेंगा लागतात, भाव चढतो. तेव्हा तीन बाजारांतला जो बरा असेल तिथे ती भाड्याच्या ट्रकने सगळा माल एकदम नेते.

म्हणजे ज्याच्यासाठी एवढं प्रोजेक्ट चाललं होतं ते शंभर गटांत ही एकटी नीट करत होती, आणि चुकणाऱ्यांच्या यादीत हिचाच नंबर पहिला.

"आत्ता पोती कुठे आहेत?"

"कोठीत. मी परत गेले की ट्रक." तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "उद्या तू गप्प."

तेवढ्यात अधिकारी बाई बुटांचा खोका घेऊन आल्या. आमचे हात अजून शालीखालीच होते. त्यांनी कॅमेरा उचलून फोटो काढला. "थंडी वाजतेय का?"

"हो," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

त्या दिवशी घरी जाताना माझ्या मनात काय चाललं होतं ते कबूल करायला हरकत नाही. तिच्या ट्रकचा विचार होता, पण त्याहून जास्त माझ्या थर्मासचा. दोन वर्षांपूर्वी मी जे बोलले होते त्याचा जिवंत पुरावा निळी-पिवळी शाल पांघरून युनिव्हर्सिटीच्या गेस्टहाउसमध्ये उतरला होता. भर बैठकीत मी नुसतं "त्रेचाळीस" म्हटलं असतं तरी प्रमुखांचं तोंड उतरलं असतं. आणि प्रोटोकोलमध्ये तो आकडा व्यापाऱ्यांकडे गेला असता.

शुक्रवारी बैठकीला आठजण होते. एक्केचाळीस नंबर माझ्या शेजारी, पलीकडे अधिकारी बाई तिच्या कानात जमेल तसं भाषांतर करत होत्या. टेबलाच्या टोकाला एक सहकारी लॅपटॉपवर प्रोटोकोल टिपत होता.

"एक्केचाळीस," प्रमुख म्हणाले. "दोन हंगाम शून्य. एकतर या गटाकडे उत्पादनच नाही, किंवा त्यांना सिस्टिम समजलेली नाही."

"किंवा शेंगा खाऊन टाकत असतील," टिपणारा म्हणाला. दोघेतिघे हसले.

माझे कान तापले. समोर थर्मास होता, तोच बहुतेक. मी तोंड उघडलं. तेवढ्यात टेबलाखाली शाल माझ्या हातावर आली आणि तिने माझा पंजा घट्ट धरला. सोडला नाही. तिच्या हाताला घट्टे होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, भिंतीवरच्या आलेखाकडे बघत होती.

मी उघडलेलं तोंड दुसऱ्या कामाला लावलं.

"या यादीआधी माझी एक तांत्रिक अडचण आहे," मी म्हणाले. "सोमवारचा मेसेज फार लांब पडतो. गावाचा कोड, पोत्यांचा आकडा, काढणीचा आठवडा. बायकांच्या चुका होतात. तीनही रकाने काढून टाका."

"तीनही? अशक्य."

मला ते माहीत होतं. मी गावाच्या कोडावर अडून बसले. दहा मिनिटं त्याच्यावर वाद घातला. मला त्या कोडाचं काहीही देणंघेणं नव्हतं. प्रमुखांनी मुद्दे मांडले, मी नाराजीने मान्य केलं. मग काढणीच्या आठवड्यावर अडले. तोही सोडला, सुस्कारा टाकून. एव्हाना टेबलाभोवतीच्या सगळ्यांना वाटू लागलं होतं की हिला काहीतरी द्यायला हवं.

"मग पोत्यांचा रकाना तरी काढा."

"व्यापारी संघटनेला तो हवा आहे."

"मग राहू द्या. पण सक्ती नको. ज्यांना भरायचा त्या भरतील."

प्रमुखांनी पेन्सिल गालाला लावली. "ऐच्छिक ठेवायचा. म्हणजे जी माहिती येईल ती तरी खरी असेल."

"गेनाऊ," मी म्हणाले. "हे चांगलं सुचलं तुम्हाला."

पुढचं मी बोलले नाही, नुसती बसून राहिले. टिपणाऱ्यानेच वर पाहिलं. "पण मग शून्य ही चूक कशी? रकाना भरला नाही, एवढंच." प्रमुखांनी यादीवर एक रेघ मारली. एक्केचाळीस नंबर राहिली.

बैठक संपल्यावर दारात प्रमुख मला म्हणाले, "बघा, शांतपणे बोललं की सगळं सुटतं." ते वाक्य मी गिळलं. अजून पचलेलं नाही.

शनिवारी मी त्यांना स्टेशनवर सोडलं. एक्केचाळीस नंबर सामानाजवळ उभी होती. अधिकारी बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुला किती म्हणाली?"

"कशाचं किती?"

त्या हसल्या. "बरोबर बोललीस. मला तिने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. मीही कुठे लिहिलं नाही."

पाच दिवस मी या बाईसमोर तोंड मिटून, नजर चुकवून वावरले होते, स्वतःला मोठी धूर्त समजत. गाडी आली. चढताना एक्केचाळीस नंबरने मागे वळून एकच शब्द टाकला, "मंगळवार." मी सोमवारी जाऊन पहिलं काम केलं ते बॅकअप दुपारवर ढकलण्याचं.

त्या त्रेचाळीस पोत्यांना काय भाव मिळाला ते मला आजतागायत ठाऊक नाही. एवढंच दिसलं की जूनमधल्या एका सकाळी तिने एकाच बाजाराचा भाव सात वेळा विचारला, आणि त्यानंतर तीन आठवडे एकदाही नाही. त्या दुपारी मी बटाटे तसेच सोडून पडद्यासमोर बसून होते. ट्रक वाटेत असेल, ती पुढे ड्रायव्हरशेजारी बसली असेल, असं काहीबाही डोळ्यांसमोर येत होतं.

माझा करार ऑगस्टमध्ये वाढला. पुढची काढणी झाली. एक्केचाळीस नंबरचा रकाना आता रिकामा येत होता. मग पाच-सहा जणींचे रिकामे येऊ लागले, मग वीस-पंचवीस. नाताळपर्यंत पोत्यांचा आकडा कळवणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या. भाव विचारणारे मेसेज मात्र दुपटीने वाढले. हे गावोगाव कोणी पोचवलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला. मला दोन बायकांचा संशय आहे, त्यातली एक उंच टाचांचे बूट घालते. आता ते प्रोजेक्ट कधीच बंद पडलंय, ते फोनही कुणाकडे उरले नसतील, म्हणून हे लिहिते आहे.

वार्षिक अहवालाचं प्रूफ तपासायला माझ्याकडे आलं. त्यात लिहिलं होतं की ऐच्छिक नोंदीची अभिनव कल्पना प्रमुखांनी मांडली. पान उलटलं तर बाजारातला फोटो. बाकावर आम्ही दोघी, हात शालीखाली, दोघींची तोंडं कारंज्याकडे. खाली ओळ, "जर्मन वसंतातल्या थंडीत शालीखाली ऊब घेताना लाभार्थी महिला, सोबत, संस्थेची कर्मचारी." बाकी सगळ्या फोटोंखाली संस्थेतल्या लोकांची नावं होती. मी कर्मचारी.

प्रूफ हातात घेऊन मी तीन जिने चढले. कुठल्या शब्दाने सुरुवात करायची तेही वाटेत ठरलं होतं. दार ढकललं.

"बरं झालं आलात," प्रमुख म्हणाले. त्यांच्यासमोर रिकाम्या रकान्यांचा आलेख होता आणि ते खरोखर गोंधळलेले दिसत होते. "बायकांनी पोती कळवणं का बंद केलं असेल? तुम्हाला काही अंदाज?"

प्रूफचं पान माझ्या हातात वर धरलेलं होतं. मी ते खाली घेतलं.

"नाही," मी म्हणाले. "काहीच अंदाज नाही."

तळमजल्यावर परत येऊन मी त्या ओळीतला "सोबत"नंतरचा स्वल्पविराम काढला, आणि प्रूफ परत पाठवून दिलं.